तांबटाचा दिवस आणि त्याची भटकंती
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हणालो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्य गेले प्राथमिक शाळेत मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात. विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून होणे नाही. परंतु चिटणीस म्हणाले, "मास्तर, विद्वत्ता नको, घरचे सांगा." म्हणून आज आमच्या थोरल्या बंधूंविषयी, म्हणजे तांबट आळीत सारा जन्म ऐरणीजवळ बसलेल्या एका कारागिराविषयी बोलणार आहोत. दादांना भाषणांचा कंटाळा. ते आज येथे आलेले नाहीत. तथापि ही स्मरणिका ते चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, हे आम्हांस ठाऊक आहे.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना घड्याळाची गरज कधी पडली नाही. सकाळी भाता सुरू झाला की शाळेची तयारी करावयाची, आणि ठोक्यांचा आवाज थांबला की जेवणाची पाने मांडावयाची. परक्या माणसाला तो नुसता गोंगाट वाटे. पण आमची आई स्वयंपाकघरात बसून सांगत असे, "आता तळ ठोकताहेत, आता काठ वळवताहेत."

दादांचा दिवस ठरलेला असे. प्रथम तांब्याच्या पत्र्यावर वर्तुळ आखून ते कातरीने कापावयाचे. मग तो पत्रा भट्टीत लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावयाचा. येथे आमच्यासारख्या मास्तराची मोठी फजिती झाली होती. तापलेले पोलाद पाण्यात विझवले की कठीण होते, असे आम्ही वर्गात शिकवीत होतो. त्यावरून तांबेही तसेच होत असेल, असे आम्ही घरी बोलून गेलो. दादा हसले व म्हणाले, "अरे, तांब्याचा स्वभाव निराळा. विझवले तरी ते मऊच राहते. त्याला कठीण करतो तो हातोडा." आणि खरेच, ठोकता ठोकता तांबे ताठर होत जाते; तसेच ठोकीत राहिले तर चिरते. म्हणून पुन्हा भट्टी, पुन्हा पाणी, पुन्हा हातोडा. एका हंड्याला हा फेरा किती वेळा करावा लागतो, हे पत्रा सांगतो आणि कारागिराचा हात ऐकतो. वर्गातील मुलांच्या बाबतीतही हा नियम लागू आहे, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

भांड्याचे भाग ठोकून झाले की टाकणखार घालून झाळकाम, मग तेजाबाच्या पाण्यात आणि चिंचेने सफाई, आणि सर्वांत शेवटी मठारकाम. लाकडी ओंडक्यात रोवलेल्या लोखंडावर भांडे पालथे घालून, आरशासारख्या गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने ओळीने ठोके द्यावयाचे. एक ठोका दुसऱ्याला किंचित चिकटून पडला पाहिजे. मध्ये जागा सुटता कामा नये, एकावर एक चढताही कामा नये. लोक त्यास नक्षी समजतात. ती नक्षी आहेच; परंतु त्या ठोक्यांनीच भांड्याचे अंग बळकट होते. शोभा आणि मजबुती ही दोन कामे तेथे निराळी नाहीत. भांडे स्वयंपाकाचे असेल तर आतून कथील आणि नवसागराची कल्हई हवीच. नाहीतर ताक-आमटी कळकावयाची.

आमच्या घरी अमावास्येला ऐरण थंड असे. त्या दिवशी दादा धुतलेला सदरा घालून शहरात फिरावयास निघत व आम्हांस बरोबर घेत. हा फिरण्याचा मार्ग इतरांसारखा नसे. कसबा गणपतीचे दर्शन घ्यावयाचे, नंतर रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानांसमोरून सावकाश चालावयाचे. तुळशीबागेत लोक खरेदीला जातात. दादा देव्हाऱ्यातील समया आणि घंगाळांचे काठ पाहावयास जात. कोणाच्या दारात बंब दिसला तर त्याची तोटी कशी बसविली आहे हे वाकून पाहत. घरमालकिणीस प्रथम संशय येई, मग चहा येई.

शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर आम्ही किती वेळा गेलो याची गणती नाही. कै. दिनकर गंगाधर केळकर यांनी एका जन्मात गोळा केलेला, दिवे, अडकित्ते, कलमदाने आणि घरगुती भांडी यांचा तो ठेवा त्यांनी शासनाच्या स्वाधीन केला. इतर लोक मस्तानी महालापाशी रेंगाळत, दादा दिव्यांपाशी. एखादा दिवा पाहून घरी येत आणि रात्री पाटीवर त्याचा काठ काढून पाहत. एकदा आम्ही विचारले, "दादा, हे करणाऱ्याचे नाव का लिहिलेले नाही?" ते म्हणाले, "त्याने ठोक्यात लिहिले आहे की."

एम्प्रेस बागेत उन्हाळ्याच्या तोंडाशी तांबट पक्षी टुक टुक असा एकसारखा आवाज करी. आपल्या धंद्याचे नाव लोकांनी त्या इवल्याशा पाखरास त्याच्या आवाजावरून दिले आहे. दादा बाकावर बसून त्याचे ठोके मोजीत आणि म्हणत, "हा आपल्यातला. याचा एक ठोका चुकत नाही."

आता जे सांगावयाचे आहे ते आम्ही आजवर कोणासही सांगितलेले नाही.

1994 साली आम्ही वाडा सोडून नव्या वसाहतीत दोन खोल्यांच्या घरात राहावयास गेलो. जागा लहान, घरात स्टेनलेस स्टीलची भांडी आली, गॅस आला. वडिलांच्या हातचे मोठे घंगाळ आमच्या वाट्यास आले होते. ते ठेवावयाचे कोठे? एके दिवशी आम्ही ते मोडीत घातले. वजनावर पैसे आले व ते घरखर्चात गेले. दोन महिन्यांनी, एका अमावास्येस, दादांबरोबर जुन्या भांड्यांच्या एका दुकानासमोरून चाललो होतो. दादा थबकले. ढिगातून त्यांनी एक घंगाळ ओढून काढले, उजेडात फिरविले आणि काठावरून बोट फिरवीत म्हणाले, "हा बाबांचा हात आहे."

वडील डावखुरे होते. त्यांच्या ठोक्यांच्या ओळी इतरांच्या उलट दिशेने चढत. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. परंतु विकण्याच्या दिवशी आम्ही घंगाळाकडे पाहिलेच नव्हते, तराजूच्या काट्याकडे पाहिले होते. दादांनी खिशातील होते तेवढे पैसे दिले, उरलेले दुसऱ्या दिवशी नेऊन दिले, आणि घंगाळ खांद्यावर घेऊन घरी निघाले. वाटेत एवढेच बोलले, "मास्तर, तू पोरांचे अक्षर पाहून वही कोणाची ते ओळखतोस ना?"

विकणारा कोण, हे त्यांनी विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही. त्यांस कळले होते की नाही, हा प्रश्न आमच्या मनात तीस वर्षे आहे. दादा, ही ओळ आपण वाचाल तेव्हा उत्तर देण्याची आवश्यकता नाही. चूक आमची होती, एवढे चारचौघांत सांगावयाचे होते.

बंधुभगिनींनो, उपदेश करण्याची मास्तरांची खोड जात नाही, म्हणून दोनच विनंत्या करतो. घरातील जुने तांबे-पितळ मोडीत घालण्यापूर्वी एखाद्या जाणत्या कारागिरास दाखवा. कोणाच्या हातचे, कोणत्या काळचे, हे विचारून एका वहीत लिहून ठेवा. आणि दुसरी विनंती अशी, की उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस तरी आपली मुले-मुली ऐरणीजवळ बसू द्या. त्यांनी हाच धंदा करावा, असा आमचा आग्रह नाही. आम्ही स्वतः तो केला नाही. अलीकडे मठारकामाच्या दिव्यांना आणि शोभेच्या वस्तूंना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु धंदा करो वा न करो, आपल्या घरचा हात ओळखता येणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

ते घंगाळ आजही दादांच्या दुकानात आहे. त्यात पाणी भरलेले असते आणि तापलेले तांबे त्यातच विझविले जाते. वडिलांचे भांडे अजून कामावर आहे.