मधुमति : एका नांवाची कुळकथा

घरांत बारसें निघालें कीं कोश उघडले जातात. नांव संस्कृत असावें, जिभेला सोपें असावें आणि त्याला चांगला अर्थ असावा, एवढीच आईबापांची अपेक्षा असते. या तिन्ही कसोट्यांना उतरणारें एक नांव अकराशें वर्षांपूर्वीं पालघरच्या किनाऱ्यावर नांदत होतें. तें नांव म्हणजे ‘मधुमति’. आज ‘मधुमती’ हें मुलीचें नांव म्हणून ओळखीचें आहे. हा मधुमति मात्र पुरुष होता आणि एका मंडलाचा अधिपति होता.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. मधासारखी गोड मति ज्याची तो मधुमति. व्याकरणांत यास बहुव्रीहि समास म्हणतात. ‘मधु’ हा शब्द वेदांइतका जुना असून, ग्रीक भाषेंतील मद्यवाचक ‘मेथु’ व इंग्रजींतील मधाच्या मद्याचें नांव ‘मीड’ हीं त्याचींच भावंडें होत. मुलाचें नांव दोन किंवा चार अक्षरांचें असावें, हा याज्ञिकांचा नियम पतंजलीनें महाभाष्यांत नोंदला आहे. म-धु-म-ति हीं बरोबर चार अक्षरें होतात. शास्त्रास बोट ठेवण्यास जागा नाहीं.

आतां हें नांव कोणाचें, तें पाहूं. बोईसरहून पश्चिमेस तारापूर आणि खाडीपलीकडे चिंचणी. या चिंचणीस १९५५ सालीं कांहीं ताम्रपट सांपडले. डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनीं ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतील एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकीर्दींतला, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. संयान, म्हणजे आज गुजरातेंत असलेलें आणि पारशी परंपरेंत प्रसिद्ध असें संजाण, याच्या मंडलावर दुसऱ्या कृष्णराजानें मधुमतीस नेमिलें होतें, असें त्यांत म्हटलें आहे. तोच लेख त्याला ‘ताजिक’, म्हणजे अरब, म्हणतो आणि त्याच्या पित्याचें नांव ‘सहियारहार’ असें देतो.

येथें कोश मिटावा लागतो. मधुमति म्हणजे मुहम्मद! अरबी ‘हम्द’ म्हणजे स्तुति; ज्याची पुष्कळ स्तुति होते तो मुहम्मद. संस्कृत लेखकानें त्या नांवाचा नाद धरला आणि त्यांत आपल्या भाषेचा गोड अर्थ भरला. अर्थ पालटला, पण माणूस लपविला नाहीं. संस्कृत नांव आणि परकी कुळ हीं दोन्हीं एकाच पत्र्यावर निःसंकोच कोरलीं गेलीं.

हा मान त्याला केवळ अधिकारामुळें मिळाला असें नव्हे. दोन प्रवाहांवर त्यानें फुकट तरी चालविल्या. संयानास अन्नछत्र घातलें; तेथें साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. अन्नैय नांवाच्या ब्राह्मणानें तेथें एक मठिका उभारिली होती. तिच्या डागडुजीसाठीं आणि तेथील देवीच्या नैवेद्यासाठीं राजाच्या संमतीनें कणाडुक नांवाचें गांव व देवीहर गांवांतील कांहीं जमीन याच ताजिकानें दिली.

पुढें हें नांव किनाऱ्यावर रुजलें. चिंचणीच्याच शके ९५६ च्या, म्हणजे इ. स. १०३४ च्या, चामुंडराजाच्या ताम्रपटांत संयानच्या प्रतिष्ठित नागरिकांमध्यें ‘अल्लिय’ आणि ‘मधुमत’ हीं नांवें आढळतात. पहिल्यांतला अली आणि दुसऱ्यांतला मुहम्मद ओळखण्यास पंडिताची गरज नाहीं. दक्षिणेस गोव्याच्या कदंबांच्या अकराव्या शतकांतील लेखांत हेंच नांव ‘मधुमद’ होऊन येतें. गलबतें ज्या वाटेनें गेलीं, त्याच वाटेनें हें नांवही गेलें.

नांवाची व्युत्पत्ति शोधणारा पुष्कळदां आपल्या कुळाची शुद्धता शोधीत असतो. त्यानें चिंचणीचा हा पत्रा अवश्य पाहावा. संस्कृत भाषेनें पाहुण्याचें नांव दारांतच अडविलें नाहीं. त्याला आपल्या ध्वनींचें वस्त्र दिलें, आणि पाहुण्यानेंही तो गोडवा खरा करून दाखविला. मधुमति या शब्दाचा अर्थ कोशांत सांपडेल. त्या नांवाचा अर्थ मात्र नदीकांठच्या तरींत आणि छत्रांतल्या भाताच्या पानावर शोधावा लागतो.