सज्जनगडावर वेणाबाईंपाशी

आमच्या तळोज्याच्या बचत गटाची सहल यंदा सज्जनगडावर गेली. साताऱ्याजवळचा हा परळीचा किल्ला, शिवरायांनी १६७३ मध्ये घेतलेला. पायऱ्या चढताना गुडघे कुरकुरले, पण वारा छान होता. समर्थांच्या समाधीला रांग होती. वेणाबाईंच्या वृंदावनापाशी मात्र आम्हीच. लहानपणीच विधवा झालेल्या या बाईंनी ‘सीतास्वयंवर’ लिहिलं, लोकांपुढं उभं राहून कीर्तन केलं, मिरजेचा मठ सांभाळला. तेही सतराव्या शतकात! आमच्या गटातल्या दोघी मात्र नवरा गेल्यापासून हळदीकुंकवाला येतच नाहीत. तिथं पहिली फुलं त्यांनीच वाहिली. येत्या संक्रांतीला वाण त्यांच्याच हातून लुटायचं, असं गाडीतच ठरलं. एकीच्या सासूबाई रुसल्यात. रविवारी आम्ही सगळ्या त्यांच्याकडे चहाला जाणार आहोत.