औषध दारात यावे, जबाबदारीही यावी

सुपा परिसरातील औषधविक्रेते बंधू-भगिनींनो आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांनो,

काळी नदीवरच्या धरणात जुने सुपा बुडाले. विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे रामनगरला वसली, तालुक्याचा कारभार जोयड्याला गेला. इथल्या जंगलातल्या वाड्यांवरून रक्तदाबाच्या गोळ्यांसाठीही बस धरावी लागते. म्हणून ऑनलाइन औषधविक्री सरसकट बंद करा, असे मी म्हणणार नाही. जो औषध देतो, त्याने कायद्यापुढे उभे राहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे. नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचे. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल, तर त्याच चिठ्ठीवर पुन्हा द्यायचे नाही. दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख टाकायची. मोबाइलवरून आलेल्या फोटोवर ही नोंद कशी करणार? एकाच चिठ्ठीचा फोटो चार ठिकाणी गेला, तर झोपेच्या गोळ्या चार ठिकाणांहून घरी येतील आणि कोणालाच कळणार नाही.

केंद्र सरकारने २८ ऑगस्ट २०१८ रोजी ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा काढला. त्यात केंद्रीय नोंदणीची अट होती, गुंगीच्या औषधांना मनाई होती. त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्री अंतरिम आदेशाने थांबवली. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल पीठानेही बंदी घातली, पण खंडपीठाने तिला स्थगिती दिली. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी वीसहून अधिक कंपन्यांना कारणे दाखवा नोटिसा काढल्या. विक्री मात्र चालूच राहिली.

आता आपल्या सीमाभागाचे दुखणे सांगतो. कोविडच्या टाळेबंदीत, २६ मार्च २०२० च्या अधिसूचनेने परवानाधारक दुकानांना घरपोच औषध देण्याची मुभा मिळाली. अट अशी, की रुग्ण त्याच महसुली जिल्ह्यातला हवा. रामनगरच्या माणसाला जिल्ह्याच्या कारवारपेक्षा शेजारच्या जिल्ह्यातले बेळगाव जवळ. तो तपासून घ्यायला बेळगावला जातो. पण तिथला परवानाधारक दुकानदार जिल्हा बदलला म्हणून त्याच्या दारात औषध पोचवू शकत नाही. शेकडो मैलांवरच्या गोदामातून मात्र पाकीट येते. नियम पाळणारा अडतो आणि ज्याच्यासाठी नियमच नाही तो मोकळा सुटतो, हा सरळ अन्याय आहे.

आपणही आपले घर नीट ठेवले पाहिजे. फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि फार्मासिस्ट दुकानात नाही, असे जिथे चालते तिथे ऑनलाइन विक्रीवर बोट ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

म्हणून चार मागण्या मांडतो. ऑनलाइन विक्रीचे अंतिम नियम तातडीने करावेत. प्रत्येक पाकिटावर औषध देणाऱ्या फार्मासिस्टचे नाव, नोंदणी क्रमांक आणि दूरध्वनी असावा, आणि त्याने रुग्णाशी मराठी, कोंकणी किंवा कन्नडमध्ये बोलावे. वापरलेली चिठ्ठी पुन्हा कुठेच चालू नये, अशी सामाईक नोंद असावी. घरपोच सेवेसाठी जिल्ह्याच्या हद्दीऐवजी रुग्णापासूनचे अंतर धरावे.

या मागण्यांचा ठराव आज एकमताने संमत करा आणि बेंगळुरू व दिल्ली, दोन्हीकडे पाठवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.