पाखरांना काय घालायचं आणि काय नाही

आज आपण बोलणार आहोत खंडाळ्यातून. लोणावळ्याजवळचा नाही हं, सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. आणि विषय आहे पाखरांचं खाणं.

उन्हाळा लागला की सगळ्यांच्या स्टेटसवर एकच फोटो येतो. गच्चीवर पाण्याची वाटी, शेजारी मूठभर शेव नाहीतर पावाचे तुकडे. भावना चांगलीच आहे. पण चिमणीचं वजन असतं २५ ग्रॅमच्या आसपास. शेव, फरसाण, वेफर्समधलं मीठ तेवढ्याशा जिवाला बाहेर टाकता येत नाही. पाव-बिस्किटानं पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. दूध पक्ष्यांना पचत नाही. चॉकलेट आणि अव्होकॅडो तर त्यांना विषच.

मग घालायचं काय? आपल्या तालुक्यात जे पिकतं तेच. बाजरी, ज्वारी. तांदळाची कणीही चालते. कच्चा तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतो, हा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज खोटा आहे. मैना, बुलबुल यांना पिकलेली पपई, पेरू, केळं ठेवा. आपल्याकडे दारात ज्वारीची कणसं टांगतात ना, ती पद्धत तर एक नंबर. दाणा ताजा राहतो, जमिनीवर सांडून सडत नाही, मांजराची भीतीही कमी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेरणी उरकली की पिशवीत थोडं बियाणं उरतं. टाकून कशाला द्यायचं, पाखरं तरी खातील, असं म्हणून ते अंगणात पसरलं जातं. थांबा! गुलाबी, लाल, निळा, हिरवा रंग दिसला म्हणजे त्या बियाण्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं आहे. ते खाण्यासाठी वापरू नये, हे पिशवीवर छापलेलंही असतं. लहान पाखराला त्यातले थोडे दाणेही जिवावर बेतू शकतात. बांधावर सांडलेलं असेल तर मातीआड करा. घरातल्या धान्याला बोरिक पावडर लावली असेल, तर तेही पाखरांना नको.

दुसरी गोष्ट शेंगदाण्याची. खारे दाणे नकोत आणि बुरशी धरलेले तर अजिबात नकोत. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेतला तेव्हा कारण सापडलं खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत. तिच्यातल्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. त्यामुळे कुबट वास येणारं धान्य 'माणसाला नको, पाखरांना चालेल' या हिशोबात बसत नाही. आपण जे खाणार नाही, ते त्यांनाही नको.

प्रमाणही सांभाळा. संध्याकाळपर्यंत संपेल एवढंच ठेवा. एकाच जागी ढीग ओतला की कबुतरं जमतात, विष्ठा साचते, आणि त्यातून माणसाच्या फुप्फुसांचेही आजार होतात. दादरच्या कबुतरखान्याचा वाद २०२५ मध्ये हायकोर्टापर्यंत गेला तो याच मुद्द्यावर. पाण्याचं भांडं पसरट, उथळ, मातीचं घ्या. रोज घासा, रोज पाणी बदला. घाण भांड्यातून एका पाखराचा रोग दहा पाखरांना लागतो.

आणि एक सांगू? चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना भरवते अळ्या आणि किडे. त्या आपण वाटीत ठेवू शकत नाही. त्यासाठी बांधावरची बाभूळ, बोर राहू द्यावी लागते, आणि परसातला एखादा कोपरा तरी औषध न फवारता सोडावा लागतो. वाटीतला दाणा हा पाहुणचार झाला. पाखरांचं खरं घर चालतं ते या कोपऱ्यावर.

जखमी किंवा आजारी पक्षी दिसला तर घरी औषधपाणी करत बसू नका. वन विभागाचा हेल्पलाइन नंबर आहे १९२६, तो आत्ताच सेव्ह करा.

तुमच्या दारात कोणकोणती पाखरं येतात आणि तुम्ही त्यांना काय घालता, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!