यजमान कोण?

देवळी तालुक्यात यशोदेचे किंवा पुलगावजवळ वर्धा नदीचे पाणी उन्हाळ्यात उतरले, की चिखलात अर्धे रुतलेले काळपट शिंपले उघडे पडतात. दगडासारखा निपचित दिसणारा हा प्राणी आयुष्याची सुरुवात परजीवी म्हणून करतो. मादीच्या कल्ल्यांत वाढलेली, वाळूच्या बारीक कणाएवढी पिल्ले पाण्यात सुटतात. प्रत्येकाला दोन इवल्या झडपा असतात. जवळून मासा गेला की त्या त्याच्या कल्ल्यावर किंवा परावर मिटतात, माशाची कातडी त्यांच्याभोवती वाढते, आणि काही दिवसांनी तयार झालेला छोटा शिंपला तिथून गळून तळाशी पडतो. मासा मिळाला नाही तर पिल्लू मरते. आपल्या नद्यांत मासा यजमान आहे आणि शिंपला पाहुणा.

चीनपासून युरोपपर्यंतच्या गोड्या पाण्यात बिटरलिंग नावाच्या बोटभर माशाने हेच नाते उलटे केले आहे. विणीच्या दिवसांत मादीला लांब नळी फुटते. ज्या छिद्रातून शिंपला पाणी बाहेर टाकतो त्यात ती नळी क्षणभर घालून मादी अंडी थेट त्याच्या कल्ल्यांत सोडते. नर पाणी आत ओढणाऱ्या छिद्राजवळ वीर्य सोडतो. पिल्ले सुमारे महिनाभर आतच वाढतात आणि शिंपल्याच्या वाट्याचा प्राणवायू घेतात. शिंपला हे मुकाट सोसतो का? माझ्या मते याचे उत्तर त्या दोघांचा सहवास किती जुना आहे यावर ठरते. तुर्कस्तानात दोघे फार पूर्वीपासून एकत्र आहेत. मध्य युरोपात बिटरलिंग त्या मानाने अलीकडे पसरला. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन प्रदेशांची तुलना झाली, तेव्हा अंडी बाहेर फेकण्यात तुर्कस्तानातले शिंपले कितीतरी तरबेज आढळले. हा फरक हवापाण्याचा असेल, अशी शंका कोणी घेईल. पण दोन्हीकडचे मासे आणि शिंपले अदलून बदलून एकत्र ठेवले, तरी जुन्या सहवासाचा ठसा दिसलाच. प्रतिकार पिढ्यान्‌पिढ्या घडत जातो. त्याला वेळ लागतो.

युरोपातच याचा आणखी एक पुरावा आहे. चिनी कार्प मासे तिथे नेले, तेव्हा त्यांच्या अंगाला चिकटून एक चिनी शिंपला गेला. तो बिटरलिंगची अंडी बाहेर टाकतो आणि उलट स्वतःची पिल्ले त्याच माशाच्या अंगावर वाढवतो. युरोपात शिंपल्यांवर जगणारा मासा या पाहुण्यापुढे स्वतःच यजमान झाला. परजीवी हे काही कोणाचे कायमचे नाव नाही, हे यापेक्षा स्पष्ट दुसरे काय सांगणार?

बिटरलिंग आपल्याकडे नाही, मग देवळीने याचा विचार का करावा, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. गवत्या आणि चंदेरा हे चिनी कार्प 1959 साली भारतात आले आणि पुढे रोहू-कतल्याबरोबर तळ्यातळ्यांत वाढवले गेले. त्यांनी मत्स्यशेतीला उत्पन्न दिले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण बाहेरच्या माशाबरोबर बाहेरचा शिंपलाही येऊ शकतो, जसा तो युरोपात गेला. शिवाय प्रत्येक मासा प्रत्येक शिंपल्याला चालत नाही. न जुळणाऱ्या माशाचे अंग पिल्लांना झटकून टाकते. म्हणून गावचे मासे नाहीसे झाले तर तळातला म्हातारा शिंपला जिवंत दिसत राहतो, पण त्याला पुढची पिढी नसते. माशाला चिकटणारा जीव गेला तर बरेच, असे कोणी म्हणेल. मात्र थोडी पिल्ले निरोगी मासा सहज सोसतो, आणि मोठा झालेला शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळून देतो. मच्छीमार बांधवांनो, तळ्यात बाहेरची बोटुकली सोडाल तेव्हा तिचे कल्ले आणि पर एकदा निरखून पाहा, आणि ते पाणी नदीला मिळत असेल तर ती बोटुकली तिथे सोडू नका.