फारकत कागदाची नको, कायद्याची हवी



आज आम्ही मंगल परिणयावर नव्हे, तर तो मोडण्याविषयी बोलणार आहोत. विषय कडू आहे, पण सिरसाळा परिसरातल्या अनेक घरांचा आहे.

पटेनासे झाले की पाच पंच बसतात, मुद्रांकावर फारकतनामा लिहितात, मुलीचा अंगठा घेतात. कायद्याच्या दृष्टीने एवढ्याने लग्न मोडत नाही. पुरातन रूढीची फारकत कायदा मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण जुन्या रूढी टाकल्या; मग फारकतीपुरती रूढी कोठून आणायची? अशा कागदावर कोणी दुसरे लग्न केले, तर ते रद्दबातल ठरू शकते आणि गुन्हाही होऊ शकतो. भोग मात्र बाईच्या वाट्याला येतात.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात घटस्फोटाचा हक्क मांडला. ते बिल रखडले, हे त्यांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते. पुढे १९५५ चा विवाह कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे. १९७६ साली त्यात कलम १३-ब आले : परस्पर संमतीने घटस्फोट. त्यात एकमेकांवर चिखलफेक करावी लागत नाही. दोघे वर्षभर वेगळे राहिलेले असावेत आणि दोघांनी मिळून अर्ज करावा. सहा महिन्यांनी कोर्ट पुन्हा विचारते. योग्य प्रकरणात ही मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे १९९१ च्या निकालात आले आहे. म्हणून भगिनींनो, दडपणाखाली सही केली असेल, तर न्यायाधीशांसमोर तसे निर्भयपणे सांगा.

ज्यांना लग्न लगेच मोडायचे नाही, त्यांना कलम १० खाली न्यायालयीन विभक्तता मागता येते. मात्र त्यासाठी छळ, त्याग असे कारण दाखवावे लागते. वेगळे राहता येते, पण नाते कायम असल्याने दुसरे लग्न करता येत नाही.

आम्ही बँकेतील कारकून, म्हणून हिशेबाचे चार शब्द. संमती म्हणजे नुसती सही नव्हे. अर्जासोबतच्या अटींत पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा, शिक्षणाचा खर्च, सारे आकड्यांनिशी लिहा. एकरकमी पैसे डिमांड ड्राफ्टने कोर्टासमोर घ्या. मुलांचा वाटा त्यांच्या नावे मुदत ठेवीत टाका. आईने स्वतःची पोटगी सोडली, म्हणून मुलांचा हक्क सुटत नाही. दोघांच्या नावचे कर्ज घटस्फोटाने एकट्याचे होत नाही. बँक दोघांनाही धरते. खात्यावरचे नॉमिनीचे नावही आपोआप बदलत नाही. अर्ज द्यावा लागतो.

आपल्या बीड जिल्ह्यात आणखी एक हिशेब आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल जोडीच्या कष्टावर मिळते. जोडी फुटली की उचल कोणी फेडायची? हेही अटींत लिहा आणि मुकादमाला कळवा. नाहीतर माहेरी आलेल्या लेकीच्या दारात तगादा येतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

संसार टिकावा असेच आम्हाला वाटते. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी पतीला पत्नीचा मान राखण्यास सांगितले आहे. जिथे तो मान उरलाच नाही, तिथे मुलीला परत पाठवू नका आणि कोऱ्या मुद्रांकावर तिचा अंगठाही घेऊ नका. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वस्तीत पंच बसले, तर तो कागद आधी तुम्ही वाचा आणि तिला वाचून दाखवा. शिकल्याचे एवढे तरी ऋण फेडू या.

जयभीम! नमो बुद्धाय!