प्लॉट पावसाळ्यात बघा



आपल्या बॅचच्या ग्रुपवर हल्ली दोनच गोष्टी जास्त येतात : मुलांचे निकाल आणि प्लॉटच्या जाहिराती. नोकरीसाठी बाहेर पडलेल्या बऱ्याच जणांना आता गावाकडे घर हवं आहे. माझं माहेर सांगली, सासर सातारा. दोन्हीकडे मी जागा बघितल्या, म्हणून थोडं बोलते.

आपण शाळेत होतो तेव्हा विश्रामबाग म्हणजे लांब वाटायचं. ९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली आणि विश्रामबाग मध्यावर आलं. भोवतालची शेतं गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. एकराचे गुंठे चाळीस. रस्त्याला, गटाराला जागा सोडली की विकायला कमी उरतात, म्हणून अनेक ठिकाणी ती नीट सोडलीच नाही. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. त्याने कागद सरळ झाले, पण जमिनीला उतार आला नाही. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात नदीला पूर नसतानाही पावसाचं पाणी साचून राहतं, ते यामुळेच.

आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागातल्या घरातून आई-बाबांना बोटीतून बाहेर काढलं, तेव्हा मी पुण्यात फोन धरून बसले होते. पुढे आम्ही उपनगरात जागा शोधू लागलो. एप्रिलमध्ये एक प्लॉट फार आवडला. बाबा म्हणाले, "श्रावणात परत बघू." श्रावणात तिथे गुडघाभर पाणी होतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात प्रणाली चालू करण्याआधी तिच्यावर जास्तीत जास्त भार टाकून बघतात. बाबांनी शिक्षकी पेशात राहून तेच केलं.

साताऱ्यात प्रश्न उलटा आहे. तिथे पाणी येतं कुठून, हे विचारावं लागतं. कासचा तलाव उंचावर असल्याने त्याचं पाणी उताराने शहरात येतं. जुन्या शहराची ती मोठी सोय. पण शाहूपुरी, विलासपूर हे भाग ग्रामपंचायतीत असतानाच वाढले आणि २०२० च्या हद्दवाढीत नगरपालिकेत आले. घरं आधी झाली. टाक्या, जलवाहिन्या मागून येत आहेत. तिथे जाहिरातीपेक्षा शेजारच्या वहिनींना विचारा : नळ किती वेळ येतो? मे महिन्यात टँकर लागतो का?

शहर वाढू नये असं मी म्हणत नाही. आपल्याच मुलांना घरं लागणार आहेत. फक्त सही करण्याआधी पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत बघितले, हेही लक्षात ठेवा. आणि जागा जुलै-ऑगस्टमध्ये, स्वतः चालत जाऊन बघा.

आपल्या बॅचमध्ये बांधकाम करणारेही आहेत. त्यांना हक्काने सांगते : बाबांनो, कॉलनीची कमान नंतर उभारा, गटार आधी काढा.